पोट्टा, बुढा आणि मधला माणूस

आमच्या अचलपुरात माणसाच्या वयाला दोनच खोल्या आहेत. एक ‘पोट्ट्या’ची आणि दुसरी ‘बुढ्या’ची. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगावयास हवे, की आमच्याकडे ‘माहा बुढा’ म्हणजे ‘माझे वडील’. मग त्या वडिलांचे केस काळेभोर असोत, की ते रोज सकाळी पन्नास जोर काढीत असोत. पोरगा चार शब्द बोलू लागला की बाप बुढा झालाच! आणि हाच बुढा आपल्या बापापुढे उभा राहिला, की पुन्हा पोट्टा होतो. चाळिशीचा गृहस्थ एकाच घरात ओसरीवर पोट्टा असतो आणि माजघरात बुढा. मधला धडधाकट माणूस कुठे जातो, कोण जाणे!

वय म्हणजे वर्षांची बेरीज, असे आपण समजतो. पण ती बेरीज पुष्कळदा दुसराच कोणी करीत असतो. जुन्या पिढीतील कितीतरी मंडळींचा वाढदिवस १ जून, नाहीतर १ जुलै असतो. घरी जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे. मग मास्तर पोराकडे वरून खाली पाहत आणि अंदाजाने साल टाकून मोकळे होत. आमच्या काकांचे तसेच झाले. लवकर शाळेत बसावेत म्हणून आजोबांनी त्यांचे वय दोन वर्षे वाढवून सांगितले. ती दोन वर्षे पुढे व्याजासकट वसूल झाली. कागदावर ५८ भरली आणि छप्पन्न वर्षांचे काका मास्तरकीतून निवृत्त झाले. हारनारळ घेऊन घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात भाजीची पिशवी आली. महिन्याभरात ते कठडा धरून जिना चढू लागले. वाचकहो, पायांना काही एक झाले नव्हते!

कायदा रेघ ओढतो, कारण त्याला कुठेतरी ओढणे भाग असते. जर्मनीत १८८९ साली म्हातारपणाच्या पेन्शनीचा कायदा झाला तेव्हा ती सत्तराव्या वर्षी मिळे. १९१६ साली पासष्टाव्या वर्षी मिळू लागली. आपल्याकडे मतदानाला एकवीस वर्षे लागत, १९८९ पासून अठरा पुरतात. आपल्या एसटीत पासष्टीला अर्धे तिकीट आणि २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. या रेघा पुढेमागे सरकतात. घरात आपण ओढलेल्या रेघा मात्र काही केल्या हलत नाहीत.

माझा पुतण्या चोवीस वर्षांचा आहे. शेतकीची पदवी घेऊन आला. घरची संत्र्याची बाग काढायची की ठेवायची, याचा खल चालला होता. त्याने मातीविषयी दोन शब्द सांगू म्हटले, तर दादा गरजले, “पोट्ट्यानं मधात बोलू नये!” सरकार निवडण्याचा अधिकार त्याला सहा वर्षांपूर्वीच मिळाला आहे, संत्र्याच्या झाडाविषयी बोलण्याचा अजून मिळायचा आहे.

मौज अशी, की हेच दादा एकादशीला ज्ञानेश्वरी उघडतात. ती १२९० साली सांगून झाली तेव्हा सांगणाऱ्याचे वय परंपरेप्रमाणे पंधरा-सोळा होते. पांढऱ्या मिशांचे वारकरी त्या मुलाला ‘माउली’ म्हणतात. फार लांब कशाला, शेजारच्या चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे गुलाबराव महाराज घ्या. तान्हेपणीच दृष्टी गेली, चौतिसाव्या वर्षी, १९१५ साली देह ठेवला. पण तेवढ्यात शंभरावर ग्रंथ झाले. त्यांना कुणी पोट्टा म्हणून गप्प बसविले असते, तर?

दादांना नावे ठेवीत हे लिहितो आहे खरा; पण माझा स्वतःचा गुन्हा याहून मोठा आहे. आईचे दात गेले तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. एका दिवाळीत फराळाचे ताट पुढे घेऊन ती हळूच म्हणाली, “बापू, कवळी बसवून घ्यावी म्हणतो.” मी वर्तमानपत्रातून डोके न काढता उत्तरलो, “आता या वयात कशाला, आई?” त्यावर ती काही बोलली नाही. चकली चहात बुडवून खाऊ लागली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि मी समजलो, की तिला गरजच नसावी.

अशा नऊ दिवाळ्या गेल्या. दहाव्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींनी मला न विचारता तिला परतवाड्याच्या दंतवैद्याकडे नेले. त्या दिवाळीला मी ओसरीवर बसलो होतो. माजघरातून ‘कट्’ असा आवाज आला. पाठोपाठ आई हसली आणि सुनेला म्हणाली, “आमचा पोट्टा पोट्टाच राहिला. त्याले कधी समजलंच नाही.”

काकांचा जिना, पुतण्याची संत्री आणि आईची चकली, तिन्ही ठिकाणी वर्षांनी काही बिघडविले नव्हते. बिघडविले ते आपल्या तोंडच्या वाक्यांनी. तेव्हा या दिवाळीत फराळाला सारे एकत्र बसाल, तेव्हा ‘तुझं वय आहे का?’ आणि ‘आता या वयात कशाला?’ ही दोन वाक्ये करंजीबरोबर गिळून टाका. मी ती गिळायला नऊ वर्षे उशीर केला. त्या नऊ दिवाळ्यांच्या चकल्या आईला आता कुठून आणून देऊ?