मुलांची प्रतवारी

सोळा वर्षांचा मुलगा मोठा की लहान? घरोघरी याचे उत्तर सोयीप्रमाणे बदलते. गॅसचे सिलिंडर उचलायचे असले की तो मोठा असतो. रात्री मित्राकडे राहतो म्हणाला, की लहान! घरात हे खपून जाते. कायद्याला मात्र एक उत्तर द्यावे लागते आणि त्या उत्तरावर एका मुलाचे आयुष्य टांगलेले असते.

२०१५ चा बाल न्याय कायदा मुलांच्या गुन्ह्यांची प्रतवारी करतो. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा तो किरकोळ, त्यावरचा गंभीर आणि ज्याला किमान सात वर्षे शिक्षा सांगितली आहे तो निर्घृण. पहिल्या दोन प्रकारांत निवाडा बाल न्याय मंडळ करते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. ते समज देऊन सोडू शकतात, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतात, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतात, फार तर तीन वर्षे विशेष गृहात पाठवू शकतात. निर्घृण गुन्ह्यात मात्र मुलाने सोळा वर्षे पूर्ण केली असली, तर मंडळ आधी त्याचे मूल्यमापन करते. त्याची शारीरिक-मानसिक क्षमता कितपत होती, परिणामांची समज होती का, हे तीन महिन्यांत ठरवायचे. समज होती असे ठरले, की त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो.

ही तरतूद कशी आली, हे आपण विसरलेलो नाही. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या अत्याचारातला एक आरोपी अठराच्या आतला होता. तीन वर्षे पुरी करून तो डिसेंबर २०१५ मध्ये सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने हे विधेयक मंजूर केले. लोकांचा संताप खरा होता. त्या मुलीच्या आई-वडिलांपुढे तर कोणताही युक्तिवाद थिटाच पडतो.

तरीही माझा आक्षेप आहे. महिना-दोन महिन्यांनी खुर्चीवर बसवून विचारलेल्या प्रश्नांवरून, त्या रात्री मुलाला किती कळत होते हे कसे सांगणार? सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये हे काम नाजूक असल्याचे सांगून मानसशास्त्राच्या जाणकारांची मदत घ्यायला बजावले. धोका असा, की गुन्हा जितका भयंकर, तितके मूल आपल्याला मोठे दिसू लागते.

मे २०२४ मध्ये पुण्यात मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. सतरा वर्षांच्या मुलाला निबंध लिहायला सांगून सोडल्यावर सारा महाराष्ट्र खवळला. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. पण लोकांचा राग मला चुकीचा वाटला नाही. त्याला प्रौढ मानावे ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे, ती मंडळी तर वयाने पुरती प्रौढ आहेत!

मी बँकेत असताना कर्जखात्यांची प्रतवारी करत असे. थकबाकी पुरती भरली, की वाईट ठरलेले खातेही पुन्हा चांगल्या वर्गात येई. कायदा इतर मुलांना ही सवलत देतो. त्यांच्या दोषसिद्धीची नोंद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जाते. प्रौढ मानून दोषी ठरलेल्याची नोंद मात्र जपून ठेवली जाते. म्हणजे कर्जाला जी परतीची वाट आहे, ती या पोराला नाही. ज्याच्या बापाकडे चांगल्या वकिलाचे पैसे नाहीत, त्याला ही वाट बंद होण्याची भीती सर्वांत जास्त.

उपाय कायद्यातच आहे. मूल मंडळापुढे आल्यापासून पंधरा दिवसांत त्याच्या घरादाराची, शाळेची, संगतीची चौकशी करून अहवाल द्यायचा असतो. हा अहवाल मन लावून लिहिला गेला, तर मुलाला समज हवी, उपचार हवेत की चार भिंती हव्यात, ते कळेल. त्यासाठी परिवीक्षा अधिकारी पुरेसे हवेत आणि मुलाच्या दारापर्यंत जायला त्यांना सवड हवी. कडक कायदा मागायला आपण रस्त्यावर उतरतो. एकदा या माणसांच्या नेमणुका मागायलाही उतरू या.