१६ कोटींचं इंजेक्शन आणि न वाचलेली पानं

१६ कोटींचं इंजेक्शन आठवतंय? काही वर्षांपूर्वी आपण सगळ्यांनीच त्या आवाहनाच्या पोस्ट फॉरवर्ड केल्या. पाचशे-हजार पाठवलेही. आजाराचं नाव एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. पैसे किती जमले याची चर्चा खूप झाली. हा आजार आधीच का कळला नाही, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

तर थोडं विज्ञान. कंटाळू नका, मुद्दा राजकारणाचाच आहे.

आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं. ती सलग वाचणारं यंत्र अजून नाही. नेहमीची पद्धत, शॉर्ट-रीड, डीएनएचे तुकडे करते, दीडशेएक अक्षरं वाचते आणि मग संगणक ते तुकडे जुळवतो. आता समजा आपल्या गावची मतदार यादी कुणी कात्रीने बारीक कापली. निम्मं गाव पाटील. ज्या चिठोऱ्यावर नुसतं ‘पाटील’ आहे ते कुठल्या घरचं? सांगता येणार नाही. अख्खी पट्टी हातात आली, घर क्रमांकासकट, तर लगेच सांगता येतं. लाँग-रीड म्हणजे ही अख्खी पट्टी. एका तंत्रात तोच तुकडा गोल फिरवून पुन्हा पुन्हा वाचतात आणि चुका गाळतात, त्यात १५-२० हजार अक्षरं एका दमात मिळतात. दुसऱ्यात डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून ओवतात आणि विजेच्या प्रवाहातल्या फरकावरून अक्षर ओळखतात. त्यात लाखाच्या वरही जाता येतं.

२००३ साली ‘मानवी जनुकसंच वाचून झाला’ अशा बातम्या जगभर छापून आल्या. प्रत्यक्षात ८ टक्के भाग राहिलाच होता, बहुतेक असाच ‘पाटील-पाटील’ प्रकारचा. तो भरून निघाला २०२२ मध्ये, या लांब पट्ट्यांमुळेच. पुरुषांचं वाय गुणसूत्र तर २०२३ मध्ये पूर्ण झालं.

आता एसएमए. आपल्याकडे एसएमएन१ आणि एसएमएन२ अशी दोन जनुकं शेजारी-शेजारी असतात. जवळपास जुळी, पण मुख्यतः कामाचं पहिलंच. छोट्या तुकड्यांत कोणता तुकडा कुणाचा, इथेच घोटाळा होतो. प्रती मोजण्याची वेगळी चाचणी आहे, चांगली आहे. पण काही लोकांत दोन्ही प्रती एकाच गुणसूत्रावर असतात, दुसरं रिकामं. मोजणी दोन येते, रिपोर्ट नॉर्मल. जोडीदारही वाहक निघाला तर मूल आजारी जन्मू शकतं. अशा लपलेल्या वाहकांचा माग काढायला शास्त्रज्ञ आता लाँग-रीड वापरताहेत.

आपण कुठे आहोत? ‘जीनोम इंडिया’ने ८३ समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांचा जनुकसंच वाचला. मोठं काम, कौतुकच आहे. पण ते शॉर्ट-रीडवर. आणि २०२३ मध्ये लाँग-रीडच्या जोरावर जगाचा जो नवा संदर्भ-संच आला, त्यातल्या ४७ जणांत दक्षिण आशियाई नावापुरतेच. आपल्याकडे शतकानुशतकं लग्नं जातीतल्या जातीत. त्यामुळे काही दोष विशिष्ट समाजात साचून राहतात. ते शोधायला परदेशी संदर्भ किती पुरणार?

महाग आहे हो, मान्य. शॉर्ट-रीडपेक्षा खर्च जास्त. सगळ्या १० हजारांचं करा असं कुणीच म्हणत नाही. ८३ गटांतून प्रत्येकी थोडे लोक घ्या, पाया तयार होईल. बंगळुरूच्या बायोबँकेत २० हजार नमुने ठेवलेले आहेत. अर्थात लाँग-रीडला डीएनए लांब, न तुटलेला लागतो, म्हणजे काहींचं रक्त पुन्हा घ्यावं लागेल. मग घ्या.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात आज जनुकीय समुपदेशक शोधून सापडत नाही. वाहक चाचणी हा शब्द बहुतेकांना मूल आजारी पडल्यावरच कळतो. आपले खासदार रस्त्यांवर, रेल्वे थांब्यांवर प्रश्न विचारतात, विचारावेतच. पण जीनोम इंडियाचा पुढचा टप्पा लाँग-रीडवर होणार का, त्याला किती पैसे, आणि त्यातून तयार होणारी वाहक चाचणी जिल्हा रुग्णालयात कधी येणार, हे तीन प्रश्न येत्या अधिवेशनात कुणी लावून धरणार आहे का? आपापल्या खासदारांना टॅग करा. मी माझ्या खासदारांना खाली केलंय.