गडावरचा मुक्काम

दिवाळीनंतर हरिश्चंद्रगडावर जायचे असे आमच्या घरी ठरले. म्हणजे लेकीने ठरवले. उंची १४२४ मीटर, मुक्काम गुहेत. तिथे ना दार, ना दिवा, म्हणून सतरंज्या, बॅटऱ्या, शिधा अशी यादी झाली. केदारेश्वराची पिंडी गार पाण्यात, म्हणून दोन पंचे जास्त. चकल्यांचा डबा यादीत कुणी घुसडला, ते वाचकांनी ओळखलेच असेल!

अडले ते वाटेवर. लेक म्हणाली, "बाबा, खिरेश्वरहून टोलार खिंडीतूनच जायचं. तुम्ही गेला होतात तसं!"

मी रुबाबात "हो" म्हणालो आणि टेबलाखाली गुडघा चोळू लागलो. त्या चढणीच्या गोष्टी मी घरात शंभरदा सांगितलेल्या. आता माघार कोणत्या तोंडाने घ्यायची?

तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून आली. "मला बाई त्या खिंडीतल्या कातळाची भीती वाटते. पाचनईची वाट सोपी आहे म्हणतात, तिकडूनच जाऊ या."

भीती? हिला? न्हाणीघरात निघालेला साप हिने एकटीने केरसुणीने बाहेर काढला होता!

लेक कुरकुरली, पण 'पाचनई' लिहिले. रात्री पाहतो तो माझ्या पिशवीच्या तळाशी गुडघ्याच्या तेलाची बाटली, पंच्यात नीट गुंडाळलेली.