विश्लेषण : कृष्णधवल छायाचित्रणासाठी ‘नवी’ स्लो फिल्म… ती खरोखर नवी असते का? पहिला रोल वाया जाऊ नये म्हणून काय करावे?

आजचा मोबाइल अंधारातही बऱ्यापैकी फोटो काढतो. अशा काळात भरपूर उजेडाशिवाय हातात धरून वापरताच येणार नाही, अशी फिल्म बाजारात येते आणि तिचे रोल विकलेही जातात. गेल्या दहा वर्षांत कमी वेगाच्या, म्हणजे ‘स्लो’, कृष्णधवल फिल्मची बरीच नवी नावे आली. रील आणि पोस्टमधून त्यांचे सुंदर नमुने फिरतात. पण ‘नवी’ या शब्दामागे नेमके काय असते? आणि ती वापरून पाहायची तर कशी?

स्लो फिल्म म्हणजे काय?

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. स्फटिक मोठे असतील तर ते थोड्या प्रकाशातही काम करतात, पण फोटोत दाणे दिसतात. स्फटिक बारीक असतील तर तपशील स्वच्छ येतो, मात्र प्रकाश जास्त लागतो. हा वेग आयएसओच्या आकड्यात मोजतात. नेहमीच्या वापरातल्या आयएसओ ४०० फिल्मच्या तुलनेत आयएसओ ५० च्या फिल्मला आठपट प्रकाश लागतो.

व्यवहारात याचा अर्थ असा : भर उन्हात आयएसओ ५० ला एफ/१६ छिद्र आणि सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. पण रात्री घरातल्या साध्या दिव्यात छिद्र एफ/२ इतके उघडले तरी जवळपास पाव सेकंद लागतो. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही, त्यामुळे ट्रायपॉड हवाच.

मग ती हवी कोणाला?

मोठी प्रिंट काढणाऱ्यांना आणि निसर्गदृश्य, वास्तू, वस्तू यांचे फोटो काढणाऱ्यांना. दुसरे कारण जुन्या कॅमेऱ्यांत आहे. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचा कमाल शटरवेग सेकंदाचा हजारावा भाग इतकाच असतो. त्यात आयएसओ ४०० ची फिल्म घातली तर भर उन्हात छिद्र साधारण एफ/११ पर्यंतच उघडता येते. आयएसओ ५० असेल तर ते एफ/४ पर्यंत उघडता येते. म्हणजे मागची गर्दी धूसर करून चेहरा उठून दिसेल, असा फोटो दुपारीही घेता येतो.

‘नवी’ म्हणजे किती नवी?

इथे तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला, दुसऱ्या कामासाठी बनलेली फिल्म छायाचित्रकारांसाठी आणणे. ॲडॉक्स या जर्मन कंपनीची एचआर-५० तांत्रिक देखरेखीसाठीच्या फिल्मवर आधारलेली आहे. लोमोग्राफीने २०२० मध्ये आणलेल्या आयएसओ १३ आणि आयएसओ ८ च्या फिल्म सिनेमाच्या कामासाठीच्या जर्मन फिल्ममधून आल्या.

दुसरा, असलेल्याच फिल्मचा नवा आकार. इलफर्डची ऑर्थो प्लस ही आधी सुट्या पत्र्यांच्या रूपात, नकला काढण्याच्या कामासाठी मिळत असे. २०१९ मध्ये ती ३५ मिमी आणि १२० च्या रोलमध्ये आली.

तिसरा प्रकार सर्वांत दुर्मीळ आणि अवघड : कारखान्यात नवे मिश्रण तयार करून ते स्वतः फिल्मवर चढवणे. पहिल्या दोन प्रकारांत फसवणूक नाही; त्या फिल्म उत्तमही असू शकतात. पण मूळ पुरवठादाराने उत्पादन थांबवले, की अशी ‘नवी’ फिल्म कधीही दिसेनाशी होऊ शकते. एखाद्या फिल्मवर वर्षभराचे काम उभे करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

फेरानियाचे उदाहरण काय सांगते?

इटलीतील फेरानियाचा कारखाना एकेकाळी युरोपातील मोठ्या फिल्म उत्पादकांपैकी एक होता. १९६४ मध्ये तो थ्रीएम या अमेरिकी कंपनीकडे गेला. डिजिटल लाटेत तेथील फिल्मनिर्मिती बंद पडली. त्यानंतर फिल्म फेरानिया या नव्या, छोट्या कंपनीने तेथील जुनी संशोधन-प्रयोगशाळा आणि तिच्यातले लहान कोटिंग यंत्र वाचवले. २०१४ मध्ये तिने लोकवर्गणीतून तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. आश्वासन होते रंगीत स्लाइड फिल्मचे.

ती ठरल्या मुदतीत आली नाही. २०१७ मध्ये आली ती पी-३०, म्हणजे आयएसओ ८० ची कृष्णधवल फिल्म. १९६०च्या दशकातील इटालियन सिनेमात वापरल्या गेलेल्या फिल्मचे नाव आणि वारसा तिच्यामागे होता. पुढे कंपनीने आयएसओ ५० ची ‘ऑर्टो’ही आणली.

आधी कृष्णधवलच का? रंगीत फिल्मला अनेक थर लागतात, त्यात रंग तयार करणारी वेगवेगळी रसायने आणि त्यांचा काटेकोर समतोल. कृष्णधवल फिल्मची रचना त्या मानाने साधी असते, धुण्याची प्रक्रियाही सोपी. छोट्या कारखान्याला उभे राहण्यासाठी हीच पहिली पायरी परवडते. वर्गणीदारांसाठी मात्र धडा वेगळा : बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करणे घोषणेपेक्षा कितीतरी पट कठीण असते. आगाऊ पैसे देताना हे गृहीत धरावे.

पहिला रोल कसा वापरावा?

सर्वांत मोठी चूक म्हणजे नवी फिल्म थेट लग्नात किंवा बाळाच्या बारशाला वापरणे. तो क्षण पुन्हा येत नाही. पहिला रोल चाचणीचाच समजावा.

एकच दृश्य तीनदा टिपा : डबीवरच्या वेगाने, एक स्टॉप जास्त प्रकाश देऊन आणि एक स्टॉप कमी देऊन. त्याच दृश्यात पांढरा कपडा, काळी वस्तू आणि माणसाचा चेहरा असावा. ऊन, सावली आणि घरातला उजेड अशा तीन ठिकाणी हे करा. प्रत्येक फ्रेमची नोंद वहीत ठेवा. स्लो फिल्मचा काँट्रास्ट अनेकदा जास्त असतो; सावलीतला तपशील चटकन काळा पडतो. पी-३० वापरणाऱ्यांचा अनुभवही असाच आहे.

फिल्म ‘ऑर्थो’ असेल तर आणखी एक गंमत. तिला लाल रंग दिसत नाही. कुंकू, लाल फेटा, लिपस्टिक सारे जवळपास काळे येते आणि निळे आकाश पांढरे होते. पिवळ्या बल्बच्या उजेडात तिचा वेगही घटतो. ऑर्थो प्लसचा आयएसओ दिवसा ८० असतो, तर अशा उजेडात ४० धरतात.

धुताना कोणती काळजी घ्यावी?

कृष्णधवल फिल्म धुण्याच्या वेळा बहुधा २० अंश तापमानासाठी दिलेल्या असतात. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच तिशीच्या पुढे जाते. अशा पाण्यात काँट्रास्ट हाताबाहेर जातो, म्हणून रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवावे. पावसाळ्यात रोल फ्रिजमध्ये ठेवला असेल तर तो बाहेर काढून, तापमान सारखे झाल्यावरच डबी उघडावी. नाहीतर फिल्मवर दमटपणा धरतो. काढलेला रोल महिनोन् महिने कपाटात ठेवू नये. इलफर्डची आयएसओ ५० ची पॅन एफ प्लस शक्यतो तीन महिन्यांच्या आत धुवावी, असे कंपनीच सांगते.

समाजमाध्यमांवरील नमुन्यांवर किती विसंबावे?

कमीच. आपल्याला दिसतो तो फिल्मचा नव्हे, स्कॅनचा फोटो. डेव्हलपर कोणता, तो किती वेळ वापरला, स्कॅनरने काळे-पांढरे किती ताणले आणि नंतर मोबाइलवर काय फिरवले, यावर निकाल बदलतो. एकाच फिल्मचे दोन नमुने दोन वेगळ्या फिल्मसारखे दिसू शकतात. म्हणून या चार गोष्टी न सांगता टाकलेला नमुना फोटो म्हणून पाहावा, पुरावा म्हणून नव्हे.

भारताशी याचा संबंध काय?

भारतातही फिल्म बनत असे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म अनेक जुन्या स्टुडिओंना आठवत असेल. तो कारखाना आता बंद आहे. त्यामुळे भारतात हौशी छायाचित्रकाराला आयात मालावरच अवलंबून राहावे लागते आणि चुकलेली प्रत्येक फ्रेम महाग पडते. फेरानियात निदान एक लहान यंत्र वाचले म्हणून पुन्हा सुरुवात झाली. नवा रोल हाती घेताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत : ही फिल्म बनते कुठे, आणि पुढच्या वर्षी ती मिळेल का? तिचा दाणा किती बारीक, हे त्यानंतर पाहता येईल.