मोहल्ल्यात वर्गणी मागायची लाज कसली?

महापालिकेला आपल्या वॉर्डातून आपल्यातलाच एक माणूस उभा करायचा, असं आम्ही सात जणांनी ठरवलं. पहिल्या बैठकीत गटार, पाणी, उर्दू शाळेचं गळकं छप्पर, सगळ्यावर दीड तास चर्चा झाली. पैशाचा विषय निघाला आणि जो तो मोबाईल बघू लागला.

मी इंजिनिअर माणूस. रातोरात गुगल फॉर्म बनवला, स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड जोडला, अकरा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आठवड्यात जमले २,३०० रुपये. त्यातले हजार माझ्या बायकोचे!

मग गल्लीतल्या एका चाचांनी पावतीपुस्तक काढलं आणि मला सोबत घेतलं. रविवारी असर ते मगरिब आम्ही २२ घरं फिरलो. कुणी ५० दिले, कुणी १००. पण प्रश्न भरपूर मिळाले. पैसे कुणाच्या खात्यात जाणार? निवडून आल्यावर तोंड दाखवणार का? एका खालांनी विचारलं, "जकात में चलेगा क्या?" चाचा म्हणाले, "नहीं खाला, वो हक़दारों का है." पुढच्या घरी जाण्याआधीच मी माझा क्यूआर कोड बंद केला. आता उमेदवाराच्या नावाने वेगळं खातं काढतोय. नाहीतरी निवडणुकीचा हिशेब आयोगाला द्यावाच लागतो.

आखातातल्या भावांनाही मागा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. मात्र तिथल्या शेठचा एक दिरहमही नको. २०१० च्या एफसीआरए कायद्याने उमेदवाराला परदेशी पैसा घ्यायला बंदी आहे.

याच दरम्यान एका बिल्डरचा निरोप आला: सगळा खर्च माझा, नाव कुठे नको. गटात तिघांना हे पटलंय, आणि त्यांची अडचण मला कळते. पोस्टर, रिक्षा, बूथवरच्या पोरांचं जेवण, पैसा लागतोच. पण १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंदाने स्टेटस ठेवले होते. पैसा कुणाचा हे मतदाराला कळायला हवं, हे दिल्लीसाठी खरं आणि आपल्या गल्लीसाठी नाही?

बिल्डरला अजून उत्तर गेलेलं नाही. जमा-खर्चाचा कागद मी चहाच्या टपरीवर चिकटवलाय, लोक थांबून वाचतात. चाचांचा गुडघा दुखतोय, म्हणून या रविवारी पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. मागची अख्खी गल्ली बाकी आहे. सोबत कोण येतंय?