वाकड्या पायास सुरी नको, शिकलेला हात हवा

मूल जन्मतांच त्याचें पाऊल आंत वळलेलें दिसलें कीं पहिला दोष आईच्या माथीं येतो. ग्रहणांत विळी धरली असेल, पाय दुमडून बसली असेल, असें चारचौघी म्हणतात. मग अंगारे, नवस, तोडगे सुरू होतात. आमच्या कष्टकरी बंधुभगिनींस आम्ही स्पष्ट सांगतों कीं, याचा ग्रहणाशीं कांहीं एक संबंध नाहीं. डॉक्टर ज्यास क्लबफूट म्हणतात तो हा दोष सुमारें हजार मुलांत एकास होतो, मुलींपेक्षां मुलग्यांत दुप्पट आढळतो, आणि ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही होतो. आईचा त्यांत रतिभर अपराध नाहीं.

पूर्वीं सर्जन मोठी शस्त्रक्रिया करून पावलाचे सांधे मोकळे करीत. पाऊल सरळ दिसे. पण वय वाढे तसें तें ताठर होई व दुखे. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. इग्नासियो पॉन्सेटी (१९१४-२००९) यांनीं निराळी वाट काढली व १९६३ सालीं तिचे निकाल प्रसिद्ध केले. ओला वेत हलक्या हातानें वळतो, वाळलेला मोडतो, हें आमच्या बुरुडास सांगावयास नको. तान्ह्या बाळाचें पाऊल तसेंच. दर आठवड्यास तें थोडें वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालावयाचें. अशीं बहुधा पांच-सहा. मग टांचेमागची आंखडलेली धोंडशीर बारीक छेदानें मोकळी करून शेवटचें प्लास्टर तीन आठवडे ठेवावयाचें. शंभरांतील नव्वदांहून अधिक पावलें अशानें सरळ होतात. पुढें दांडीस जोडलेले बूट तीन महिने रात्रंदिवस, व नंतर चार वर्षांचें होईपर्यंत झोपेंत. येथें हयगय झाली कीं पाऊल पुन्हां वळतें.

ही रीत देशभर शिकविण्याचें काम चालू आहे. क्युअर इंडिया या नांवानें सुरू झालेल्या संस्थेनें अनेक राज्यांतील सरकारी इस्पितळांच्या डॉक्टरांस ती शिकविली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादींतही हा दोष आहे, आणि त्याचे उपचार मोफत आहेत.

पण औषध फुकट म्हणजे उपचार फुकट नव्हे. खालापूर-कर्जतकडील मजुरास सात-आठ वेळां मुंबई गांठावयाची म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडवावयाची, वर भाडें भरावयाचें. दोन फेऱ्यांनंतर तो थकतो, आणि शहाणे लोक त्यास अडाणी म्हणतात! उरण, पेण, कर्जत यांच्या वाटा जेथें मिळतात त्या पनवेलसारख्या प्रत्येक ठिकाणच्या सरकारी इस्पितळांत आठवड्याचा एक वार या मुलांसाठीं ठरलेला असावा, अशी आमची मागणी आहे. केवळ सर्जन शिकून भागणार नाहीं. प्लास्टर बांधणारा व परिचारिका यांसही शिकवा. एक डॉक्टर बदलून गेला म्हणून मुलाचा पाय अर्धवट राहतां कामा नये. बूट बनविण्याचें काम आमच्या चर्मकार बंधूंस शिकवून द्या. मूल वाढेल तसा बूटही बदलावा लागतो, तो जवळ मिळेल.

आणि वाचकहो, आपलेंही कर्तव्य आहे. घरांत असें मूल जन्मलें तर पहिल्या आठवड्यांतच इस्पितळांत न्या. रडतें म्हणून बूट काढूं नका. तें आज थोडें रडेल. पण पुढें शेताच्या बांधावरून स्वतःच्या पायांनीं चालत शाळेंत जाईल.