घोडा, चाप आणि नवी कमान

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हातात न घेतलेले मूल महाराष्ट्रात विरळाच. चाप ओढला, घोडा टिकलीवर आपटला, टक्कन आवाज झाला आणि दारूचा वास नाकात गेला, की स्वारी खूष! पण त्या पत्र्याच्या खेळण्यात दोनशे वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या शोधाची सावली आहे, हे खेळणाऱ्याच्या ध्यानीमनी नसते. आणि ते खेळणे विकत घेऊन देणाऱ्याच्याही नसते.

पूर्वी बंदूक उडवायची म्हणजे मोठा खटाटोप. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागे, चकमकीच्या बंदुकीला गारगोटीची ठिणगी. पावसाची सर आली की दोन्ही गप्प. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्साइथ नावाचा एक पाद्री होता. त्याने ठोका बसताच पेटणारे रसायन बंदुकीला जोडले आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. देवाच्या माणसाने हा उद्योग करावा, ही गंमतच! पुढे हे रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरू लागले. पोकळ खुंटीवर टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटायचा, ठिणगी खुंटीतून आत जायची आणि बार उडायचा. आपली टिकली ही त्या टोपीचीच धाकटी बहीण. रसायन वेगळे, तत्त्व तेच.

या टोपीमुळेच फिरत्या चक्राचे पिस्तूल, म्हणजे रिव्हॉल्व्हर, खऱ्या अर्थाने कामाचे झाले. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने १८३६ साली तिकडचे पेटंट घेतले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टची रिव्हॉल्व्हरे मांडलेली होती, तशीच लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सचीही होती. कोल्टचे सहा बारांचे, ॲडम्सचे पाच बारांचे. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ही दोन्ही घराणी नांदत होती.

हे पुराण आज काढण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी निगडीला आमच्या शेजारच्या काकांकडे एक तरुण आला. काकांचा जन्म टूलरूममध्ये गेला. निवृत्त झाले तरी कानस हातातून सुटलेली नाही. मुलगा चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. त्याने रुमालाची गाठ सोडली आणि एक पोलादी पट्टी काकांपुढे ठेवली. मधोमध मोडलेली. सोबत मोबाइलवर दहा-बारा छायाचित्रे.

सातारकडच्या गावी त्यांच्या घरात पणजोबांच्या वेळेपासून एक पाच बारी रिव्हॉल्व्हर आहे. परवाना वडिलांच्या नावावर, वस्तूही त्यांच्याच ताब्यात. घोड्याची कमान मोडलेली, टोपी बसवायची एक खुंटी नाहीशी झालेली, मुठीच्या लाकडाचा टवका उडालेला. दसऱ्याला शस्त्रपूजेत ती तशीच लंगडी मांडतात, याचे त्याला वाईट वाटे.

"काका, एवढी कमान करून द्या ना. तुम्हाला काय, दोन तासांचे काम."

"दोन तास कशाला? पोलाद कापून, घासून, पाणी दिले की झाले," काका म्हणाले. "पण मी करणार नाही."

मुलगा हिरमुसला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता: भाग मोडला, भाग बदला. चाकणला तो दिवसभर हेच पाहतो. पेटीतला कुठलाही बोल्ट उचला, तो बसतोच. न बसला तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा या एका विश्वासावर उभा आहे. भोसरीच्या एखाद्या लहानशा शेडमध्ये झालेला भाग दुसरीकडच्या गाडीत निमूट जाऊन बसतो, म्हणून तर इथल्या लाखो घरांत चूल पेटते.

आणि मौज अशी की, हा विश्वास मुळात बंदुकीच्याच कारखान्यात जन्मला. १७८५ साली पॅरिसमध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने थॉमस जेफरसनला बंदुकीच्या पन्नास चापयंत्रांचे सुटे भाग खणाखणांत मांडून दाखवले. जेफरसनने हाताला येईल तो भाग उचलून काही यंत्रे स्वतः जुळवली, आणि ती चपखल जुळली. ती कल्पना अमेरिकेने उचलली, सरकारी शस्त्रशाळांनी वाढवली आणि कोल्टने तिचा डंका पिटला. त्याच्या १८५१ च्या नमुन्याची रिव्हॉल्व्हरे अमेरिका आणि लंडन मिळून अडीच लाखांहून अधिक निघाली.

"मग कोल्टचा भाग तरी कुठल्याही कोल्टला बसत असेल?" मी विचारले.

काका हसले. "डंका वेगळा आणि कानस वेगळी! यंत्रातून निघालेला भाग शेवटी माणूसच घासून बसवी. म्हणून तर एकाच पिस्तुलाच्या निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. ही भावंडे चुकूनही एकमेकांपासून दुरावू नयेत म्हणून. ॲडम्सकडे तर हातकामच जास्त."

मुलाने इंटरनेटवर बरीच शोधाशोध केली होती. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, त्याच जातीच्या दुसऱ्या जुन्या पिस्तुलाचा अस्सल भाग मिळवायचा. दुसरी, तयार नक्कल आणायची. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने गावच्या परिसरात जुन्या टोपीदार रिव्हॉल्व्हरांच्या नकला होतात. १९६१ पासून अमेरिकेने आपल्या यादवी युद्धाची शताब्दी साजरी केली, तेव्हा हौशी लोकांकडून या मालाला मोठी मागणी आली आणि तो धंदा भरभराटला. तिसरी वाट म्हणजे काका.

काकांनी तिन्ही वाटा तपासल्या. अस्सल भाग अस्सल खरा, पण दुसऱ्याच्या घरचा. त्यावर दुसरा क्रमांक असणार, त्याचे घासणे दुसऱ्या मापाचे. शिवाय तो भाग देण्यासाठी आणखी एक जुने पिस्तूल कुठेतरी उघडे-बोडके होणार. नकलेचा भाग दिसायला हुबेहूब, पण तो नकलेच्या मापाचा. तो बसवायला एक तर तो भाग घासायचा, नाही तर जुने अंग घासायचे. आणि घाईत माणूस नेमके जुने अंग घासतो. नवा भाग पुन्हा आणता येतो; दीडशे वर्षांपूर्वीचे घासून टाकलेले लोखंड कोण आणून देणार? त्यातल्या त्यात हाताने केलेला भाग बरा, कारण तो जुन्याच्या मापाने होतो.

"मग तुम्हीच करा की!"

"कायदा वाचला आहेस का?" काकांनी विचारले.

मुलाची समजूत अशी होती की, वस्तू जुनी आणि त्यात मोडकी, म्हणजे परवानाबिरवाना केवळ उपचार. ही समजूत पुष्कळांची असते. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या ४५ व्या कलमात जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण केव्हा? दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे ते उडण्याजोगे नसेल तेव्हा. 'दुरुस्ती करून' या दोन शब्दांत सगळी मेख आहे. नुसती कमान मोडलेले पिस्तूल कमान घातली की उडते. म्हणून ते आजही शस्त्रच. आणि शस्त्राची दुरुस्ती करायला त्या कामाचा परवाना लागतो. तो काकांकडे नव्हता. उत्तम कारागिरी हा काही परवाना नव्हे.

आपल्याकडे या कायद्याला जुना इतिहास आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याखाली आणले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २२ जून १८९७ च्या रात्री, याच चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यामुळे चिंचवडकरांना पिस्तूल म्हटले की अंगावर काटा येतो, तो अभिमानाचाही असतो. पण आजचा कायदा आपलाच आहे, आणि आजच्या पिस्तुलाने घरातले नातवंड खेळेल ही भीतीही आपलीच आहे. काका हे बोलले नाहीत. मुलाच्या मोबाइलवर त्याच्या चार वर्षांच्या लेकीचे छायाचित्र होते, त्याकडे त्यांनी फक्त बोट दाखवले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, मोडकीच ठेवायची म्हणजे पणजोबांची वस्तू आम्ही नीट सांभाळली नाही, असे नाही का होत?"

मला वाटते, खरा प्रश्न हा होता. आपल्या मध्यमवर्गीय मनाला मोडके घरात ठेवणे अशुभ वाटते. फुटकी काच, बंद घड्याळ, भंगलेली मूर्ती, सगळे आधी बाहेर काढायचे. पण सांभाळणे आणि चालू करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घड्याळ चालू करावे. त्याचा धर्मच वेळ दाखवण्याचा. पणजोबांच्या रिव्हॉल्व्हरकडून आता आपल्याला बार नको आहे, आठवण हवी आहे. ती मोडक्या कमानीतही शाबूत आहे. किंबहुना ती कमान कधी, कोणाच्या हातून मोडली हीदेखील आठवणच.

नव्याचाही मला तिटकारा नाही. चिंचवडचा चापेकर वाडा नव्याने उभा केलेला आहे. तिथे जाणारा माणूस हात जोडतो, कारण कोणी त्याला फसवलेले नसते. नवेपण लपवले की मात्र त्याची लबाडी होते. जुन्या मालाच्या बाजारात नव्या भागावर गंज चढवून तो जुना म्हणून खपवणारे महाभाग असतात. ते वस्तूची दुरुस्ती करीत नाहीत, इतिहासात खाडाखोड करतात.

शेवटी काकांनी एक काम केले. मुठीच्या लाकडाचा उडालेला टवका छायाचित्रांवरून आणि मुलाने आणलेल्या कागदी मापावरून शिसवीत कोरून दिला. आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही पण शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी, बारीक अक्षरांत साल कोरले. तो गोंदाने न चिकटवता नुसता दोऱ्याने बांधून ठेवायला सांगितला, म्हणजे पुढच्या पिढीला नको असेल तर काढता येईल. मोडक्या कमानीला हलकेच तेल पुसले, मेणकागदात गुंडाळली आणि डबीवर चिठ्ठी लावली. कमान घालायचीच असेल तर परवानाधारक शस्त्रकारागीर गाठायचा, तोही वडिलांनी, परवाना घेऊन, हे बजावले.

आपल्यापैकी कुणाच्या गावच्या घरी माळ्यावर असे काही निघाले, तर वाचकहो, एवढे करा. आत बार भरलेला नाही असे धरून चालू नका. चाप ओढून पाहू नका. ब्रासोने घासून चकचकीत करू नका. त्या काळसर पुटाखाली क्रमांक आणि कारागिराची खूण असते. कागद शोधा, नसल्यास आधी पोलिसांना कळवा. निघालेला प्रत्येक तुकडा, अगदी मोडका स्क्रूसुद्धा, डबीत घालून त्यावर नाव लिहा.

त्या मुलाच्या घरी यंदाच्या दसऱ्याला वडिलांनी रिव्हॉल्व्हरशेजारी ती डबीही पूजेला मांडली. लेकीने विचारले, "यात काय आहे?" आजोबांनी डबी उघडून तिला पणजोबांची सगळी गोष्ट सांगितली. कमान चालू असती तर तिला त्या पाटाजवळ फिरकूही दिले नसते.